ग्रामसभेतली तरुणांची मागणी गावाच्या आराखड्यात कशी न्यायची

तरुणांची मतं मागवायला सरकारने व्यासपीठं बरीच काढली आहेत. २०१४ पासून ‘मायगव्ह’ आहे, २०२३ पासून ‘माय भारत’. तिथे जरूर लिहा. पण गावात अभ्यासिका किंवा पोलीस भरतीच्या सरावाला मैदान हवं असेल, तर त्याचा पैसा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातून येतो आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो.

आधी मतदारयादी बघा. गावच्या यादीत नाव असलेलाच ग्रामसभेचा सदस्य. वर्षात चार पात्रता तारखा असतात (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर) आणि सतरा वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा अर्ज (नमुना ६) आगाऊ भरता येतो. नागपुरात खोली करून शिकणाऱ्यांनी नाव शहरात हलवलं, तर गावच्या सभेतला हक्क गेला. नागपूरजवळच्या वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी इथे आता नगरपरिषदा आहेत, त्यामुळे तिथे ग्रामसभाच नाही.

पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा साधारण २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या मोहिमेत तयार होतो. म्हणून विषय १५ ऑगस्टच्या सभेतच काढा. २६ जानेवारीला जाग आली, तर वर्ष हातचं गेलं.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि विषयपत्रिका तिच्यासोबतच जाते. त्यामुळे लेखी अर्ज पंधरा दिवस आधी द्या: सरपंचांच्या नावे, प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक). दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ यात मांडलेल्या मागणीला माना डोलतात, पण बहुतेकदा पुढे काही होत नाही.

अर्जात सगळ्यात जास्त डोकं जागेवर लावा. मागण्या इथेच अडकतात. ‘गावात अभ्यासिका व्हावी’ एवढंच लिहू नका. कोणती खोली, ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत (नमुना ८) तिची नोंद कुणाच्या नावे, किती मुलं बसतील, हे लिहा. गायरानावर डोळा असेल तर सोडून द्या. शासनाच्या परवानगीशिवाय ती जमीन वापरता येत नाही आणि २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती मिळणं फार अवघड झालंय. शहरालगतच्या गावांत नवं बांधकाम म्हटलं की नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एनएमआरडीए) परवानगीचाही प्रश्न येतो. रिकामी पडलेली शाळाखोली दुरुस्त करणं कधीही सोपं. वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, तेही अर्जातच लिहा. पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पैसा कुठल्या खात्यातला, हे आधी विचारून ठेवा. पंचायतींना मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात (२०२१-२६) ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. अभ्यासिकेसारखी कामं उरलेल्या ४० टक्के अबंधित भागातच बसत. अंदाजपत्रक पंचायत समितीच्या अभियंत्यांकडून करून घ्यावं लागतं. आकडा मनाने टाकू नका.

मुलींसाठी आणखी एक वाट आहे. नियमित सभेआधी महिला ग्रामसभा होते. तिथे ठराव झाला की मुख्य सभेत तो टाळणं जड जातं.

सभा चालायला किमान हजेरी, म्हणजे गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पोरं पहिल्या दिवशी ओरडून घरी जातात आणि निर्णय दुसऱ्या दिवशी दहा माणसांत होतो. तहकूब सभेची तारीख लिहून घ्या, जा.

सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा, जमलं तर वेगवेगळ्या वॉर्डांतले. एक बोलेल, बाकीच्यांनी हात वर करायचे. हजेरीपटावर सही केली म्हणजे ठरावाला होकार दिला, असं नाही. म्हणून ठरावाचा मजकूर तिथेच मोठ्याने वाचून घ्या. ‘विचार करण्यात यावा’ असं लिहिलं असेल तर ‘२०__-__ च्या आराखड्यात समाविष्ट करण्यात यावे’ असं बदलून मागा.

नंतर ठरावाची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस, ते आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आराखडा ‘ई-ग्रामस्वराज’ या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर चढला की आपल्या गावाच्या कामांच्या यादीत शोधा. तिथे काम नसेल, तर ठरावाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांना पत्र द्या, आणि त्याचीही पोच घ्या.