फिजिओ, नर्सिंग, फार्मसी करून मग डॉक्टर व्हायचंय? पीबीएलला कसं बसायचं ते सांगते

आमच्या फोंड्यात गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला हेच विचारलं, की बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय किंवा बीएस्सी नर्सिंग झालंय, आता डॉक्टर व्हायचंय, तर ते पीबीएल (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग), पेशंटची केस देऊन शिकवतात म्हणजे नक्की काय करतात आणि तयारी कशी करायची. मी स्वतः बीपीटी करून बाहेर ग्रॅज्युएट एन्ट्रीला, म्हणजे पदवीनंतरच्या डॉक्टरी कोर्सला, गेले, तिथे तोंडावर आपटून जे कळलं ते लिहिते.

आधी प्रवेशाचं उरकून टाकते. आपल्याकडे पदवीधरांसाठी मधली वाट नाही. नीट यूजी द्यायची आणि बारावीतून आलेल्या पोरांबरोबर पहिल्या वर्षापासून बसायचं, फक्त वयाची वरची अट २०२२ मध्ये काढली एवढं बरं झालं. ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमध्ये पदवीनंतरचे चार वर्षांचे कोर्स आहेत, ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्सने १९९६ मध्ये पहिला काढला. पण शिकून परत गोव्यात प्रॅक्टिस करायची असेल तर एनएमसीचा (नॅशनल मेडिकल कमिशन) २०२१ चा नियम वाचा, परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा लागतो, आणि चार वर्षं म्हणजे होतात ४८! हा हिशोब फी भरायच्या आधी करायचा.

आता पीबीएल. कॅनडात मॅकमास्टरला १९६९ मध्ये हे सुरू झालं. सात-आठ जणांचा ग्रुप, एक जण चेअर, एक जण बोर्डवर लिहिणार, आणि ट्यूटर बसलेला असतो पण तो शिकवत नाही, हे पहिले दोन आठवडे पचतच नाही. केसचं एक पान मिळतं. त्यावर बोलायचं, काय येत नाही ते शोधायचं, घरी जाऊन वाचायचं, दोन-तीन दिवसांनी परत बसून मांडायचं, की पुढचं पान.

ऐकायला सोपं आहे आणि आपल्यासारख्यांची गोची इथेच होते, कारण आपल्याला थोडं येत असतं. माझी पहिली केस: तेरा वर्षांचा जाडसर मुलगा, गुडघा दुखतो, लंगडतो. गुडघा म्हटल्यावर मी फिजिओ, मग काय, दहा मिनिटं लिगामेंट, पटेला, टेस्ट सगळं बोलून मोकळी झाले, बाकीचे वहीत लिहून घेतायत, ट्यूटर गप्प. दुसऱ्या पानावर निघालं खुब्यात, मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेवरून सरकलेलं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेली बाई!

तेव्हापासून माझा नियम, आपल्या विषयातली केस आली की पहिली वीस मिनिटं तोंड बंद ठेवायचं, नाहीतर बोर्डवर लिहायला उभं राहायचं. लिहिणारा कमी बोलतो.

बोर्डवर तीन रकाने पाडा. पानावर काय दिलंय, आपल्याला काय वाटतं, आणि काय माहीत नाही. तिसरा रकाना सगळ्यात लांब व्हायला हवा, तो रिकामा राहिला तर समजा ग्रुप एकमेकांना इम्प्रेस करत बसलाय. दुसऱ्या रकान्यात काही लिहिलं की "का?" विचारायचं, आणि उत्तर शरीराच्या कामातून यायला हवं, "आमच्या वॉर्डात असंच असतं" हे चालत नाही (नर्सिंगवाल्यांनो, रागावू नका).

घरी न्यायचे प्रश्न नीट लिहा. "डेंगी वाचणे" हा प्रश्न नव्हे. "डेंगीत प्लेटलेट का उतरतात आणि अशा पेशंटला आयबुप्रोफेन का देत नाहीत" हा प्रश्न. दुसऱ्या भागाचं उत्तर फार्मसीवाल्याला पाठ असेल, तरी त्याने पहिला भाग वाचायचाच. आणि प्रश्न वाटून घेऊ नका, सगळ्यांनी सगळं वाचायचं, नाहीतर परत बसल्यावर प्रत्येकाचं छोटं लेक्चर होतं आणि उरलेले चहाची वाट बघतात. मांडताना वही बंद. अडकलात तर तिथेच तुमचं वाचायचं राहिलंय.

घरबसल्या सराव करायचा तर केस आपल्या भागातली घ्या. मी इथे रविवारी पाच जणांना ही दिली होती: मार्च महिना, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला ३४ वर्षांचा माणूस, तीन दिवस सणसणीत ताप, डोकं-अंग फुटतंय, डोळे लाल, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी. बोर्डवर डेंगी, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), टायफॉइड भराभर आलं, लेप्टो पावसाळ्यात जास्त म्हणून कुणीतरी खोडलंसुद्धा, मी म्हटलं खोडू नका, खाली सरकवा.

मग तपासण्या मागायला लागले, मलेरियासाठी रक्ताचा स्मिअर, डेंगीची एनएस वन, सीटी स्कॅनसुद्धा. तो काम काय करतो हे अर्धा तास कुणी विचारलं नाही. तो काजूच्या भाटात (बागेत) बोंडू वेचायला जातो हे दुसऱ्या पानावर होतं, आणि तिसऱ्यावर होतं की रानात माकडं मरून पडलीयत. माकडताप! गोचिडीतून येतो, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडला, आणि २०१५ पासून आपल्या सत्तरीतही आहे. अंगावर गोचीड चावल्याचं आठवतं का, हा प्रश्न शेवटी नर्सिंगवाल्या मुलीने विचारला, कारण तिचं माहेर सत्तरीतल्याच वाळपईकडचं. मी तिला तेव्हाच सांगितलं, पुढच्या रविवारी तू लिहिणार, बोलणार नाहीस.