अनोळखी लिपीतला मजकूर हाती आला तर सुरुवात कुठून करावी?

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी सिंधू लिपी वाचून दाखवतं. कधी ती संस्कृत निघते, कधी तमिळ. या मंडळींची गल्लत ठरलेली: भाषा आधी पक्की करायची आणि चिन्हं तिच्यात कोंबायची. काम उलट्या बाजूने करावं लागतं.

आधी आपलं अडलंय कुठे ते पाहा. भाषा ओळखीची आणि फक्त लिपी अनोळखी असेल तर बरीच आशा आहे. लिपी वाचता येते पण भाषा कळत नाही, असंही होतं. इटलीतली प्राचीन एट्रुस्कन भाषा तशीच. दोन्ही अनोळखी असतील तर मजकूर भरपूर हवा, किंवा तोच मजकूर माहितीच्या भाषेतही कोरलेला हवा.

मग वेगवेगळी चिन्हं मोजा. वीस-चाळीस भरली तर बहुधा वर्णमाला. पन्नास ते शंभर असतील तर एकेक चिन्ह म्हणजे ‘का’, ‘तो’, ‘मी’ असं अख्खं अक्षर. शेकड्यांत गेली तर शब्दचिन्हंही मिसळलेली असणार. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण दोन चिन्हं वेगळी आहेत की एकच चिन्ह दोघांच्या हातचं आहे, यावरच वाद होतात. सिंधू लिपीचे अभ्यासक इरावथम महादेवन यांनी 1977 च्या सूचीत सिंधू लिपीची 417 चिन्हं धरली. इतरांचे आकडे वेगळे आहेत.

दिशा ओळखायला ओळीचं टोक बघा. लिहिणाऱ्याला जागा पुरली नाही की तो शेवटची चिन्हं दाटीवाटीने बसवतो. सिंधू मुद्रांच्या ठशांवर ही दाटी डावीकडे दिसते, म्हणजे वाचन उजवीकडून.

आता खरी मजा. पुन्हा पुन्हा काय येतं ते शोधा आणि मजकूर कुठे कोरलाय ते विसरू नका. कलकत्त्याच्या टांकसाळीतले जेम्स प्रिन्सेप 1837 मध्ये सांचीच्या कठड्यांवरच्या ब्राह्मी लेखांचे ठसे न्याहाळत होते. लेख छोटे छोटे, आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. आपल्या देवळातल्या फरश्या आठवा. मराठी न येणाऱ्यालाही दिसेल की नावं बदलतात, शेवटचं ‘यांच्या स्मरणार्थ’ बदलत नाही. प्रिन्सेप यांनी तसाच अंदाज बांधला: ही देणगीदारांची नावं, आणि शेवटचा शब्द ‘दानं’. त्याआधी येणारं अक्षर ‘स’, म्हणजे आपला ‘चा’. एवढ्या धाग्यावरून पुढे अशोकाचे लेख उलगडले. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर ‘थंभो दानं’ आजही दिसतं.

असा धागा नसेल तर शब्दांच्या शेपट्या तपासा. गेला, गेली, गेले. आला, आली, आले. समजा ला, ली, ले यांची चिन्हं एकमेकांशी अजिबात मिळतीजुळती नाहीत. तरी ती एकाच जागी आलटून-पालटून येतात, त्यावरून त्यांचं व्यंजन एक असावं हे उच्चार माहीत नसतानाही कळतं. क्रीट या ग्रीक बेटावर मातीच्या पाट्यांवर सापडलेल्या लिनियर बी या प्राचीन लिपीवर अभ्यासक अ‍ॅलिस कोबर यांनी हेच केलं. कागदाच्या टंचाईत पाठकोऱ्या कागदांची कार्डं कापली, जवळजवळ 1,80,000, आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. 1950 मध्ये त्या गेल्या.

उच्चार बसवायचे ते यानंतर, आणि तेही गावांच्या नावांपासून. भाषा बदलली तरी गावाचं नाव सहसा टिकतं. मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने 1952 मध्ये याच लिनियर बी मध्ये क्नोसॉस, अम्निसॉस ही क्रीटमधल्या गावांची नावं बसवून पाहिली आणि त्याच्या स्वतःच्या अपेक्षेविरुद्ध ग्रीक भाषा बाहेर आली.

शेवटी परीक्षा घ्या, आणि ती आपण न वापरलेल्या मजकुरावर. पुढच्याच वर्षी ग्रीसमधल्या पायलॉसच्या एका पाटीवर व्हेंट्रिसच्या उच्चारांनी ‘ति-रि-पो-दे’ वाचलं गेलं, म्हणजे ग्रीकमध्ये ‘तिपायी’. शेजारी तिपायी भांड्याचं चित्र होतं. शंकेखोरांपैकी बरेच जण तिथे गप्प झाले.

सिंधू लिपीची अशी परीक्षा घेता येत नाही. लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, द्विभाषिक लेख एकही नाही. तमिळनाडू सरकारने 2025 मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं तरी ही अडचण जागेवरच आहे.

पण अर्धवट वाचनातूनही काही मिळतं. क्रीटमधल्याच, लिनियर बी पेक्षा जुन्या लिनियर ए लिपीची भाषा अजून कुणाला ठाऊक नाही. तरी पाट्यांच्या शेवटी ‘कु-रो’ येतं आणि त्यापुढचा आकडा वरच्या आकड्यांची बेरीज असतो. म्हणजे ‘एकूण’. काही पाट्यांवर तर कारकुनाची बेरीज चुकलेलीही सापडते.