उकाड्याचा घाम की हृदयाचा? जन्मजात दोष असा ओळखा

वीस वर्षं सोलापुरात विडी घरकुलाकडे, म्हणजे विडी कामगारांच्या वस्तीत, घरभेटी करतेय. "हृदयाचा दोष असला की बाळ निळं पडतं" असं कुणी ठणकावून सांगितलं की माझं डोकं फिरतं. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेली कितीतरी बाळं गोरीगुलाबी असतात.

दवाखान्यातून घरी यायच्या आधी, चोवीस तास उलटल्यावर, उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून घ्या. आकडा ९५ किंवा वर हवा आणि हातापायांत ३ हून जास्त फरक नको. तळवे निळसर दिसले तर दिवसाउजेडी जीभ बघा. जीभ निळी असेल तर तडक दवाखाना.

खरी फसगत होते ती सव्वा महिन्याच्या आसपास. जन्मताना फुप्फुसातला दाब जास्त असतो, म्हणून मोठ्या छिद्रातूनही रक्त फारसं वाहत नाही. दाब उतरला की चार ते आठ आठवड्यांत फुप्फुसाकडे रक्ताचा लोंढा सुरू होतो. "जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलंय की" हे तेव्हा कामाचं नाही.

त्यात मे महिना असला तर बघायलाच नको. एका घरी असंच झालं. पत्र्याची खोली, सुपात तेंदूपानं, बाळ अंगावर पितंय आणि कपाळावर घामाचे टपोरे थेंब. मी म्हटलं, "अगं, झबलं काढ, उकडतंय त्याला." पंधरा दिवसांनी वजनाचा काटा तिथंच. श्वास मोजला, ६८. छिद्र मोठं निघालं. ऑपरेशन होऊन लेकरू आता शाळेत पळतंय, पण ते पंधरा दिवस माझ्यामुळं गेले.

तेव्हापासून मी पहाटे बघायला सांगते. पंखा लावा, बाळ उघडं ठेवा, पाजायला घ्या. उकाड्याचा घाम मानेला, पाठीला, झोपेतही येतो. हृदयाचा घाम दूध ओढताना कपाळावर फुटतो. चार घोट, धाप, परत चार घोट, मग थकून झोप आणि अर्ध्या तासात भुकेचं रडं. घरात म्हणतात आईला दूध पुरत नाही, आणि वरचं सुरू करतात. गुटी, धुरी नंतर. आधी वजन करा.

झोपलेल्या बाळाचं पोट बघत श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारे मला चालत नाहीत; बाळाचा श्वास कधी थांबतो, कधी धावतो. दोन महिन्यांच्या आत ६०, पुढं वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आला की दाखवाच. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत बसू नका.

वर्षानंतरच्या खुणा म्हणजे सारखा न्यूमोनिया, आणि पळता पळता मधेच उकिडवं बसणं. रडता रडता काळंनिळं पडलं तर गुडघे छातीशी दाबून धरा आणि १०८ लावा.

शाळकरी पोर पळताना चक्कर येऊन पडलं तर "उपाशी असेल" म्हणून सोडू नका. आरबीएसकेचं (मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र कधी कधी तिशीत, नाहीतर बाळंतपणातच कळतं. पहिल्या मजल्यावर दम लागणाऱ्या गरोदर बाईला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगा.

ओपीडीत बाळ हटकून झोपलेलं असतं. पाजतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या, आणि वजनाचं कार्डही.