पॉलिनेशियाचं पुरातत्त्व शिकायचंय? आधी कोळसा ओळखायला शिका

डेक्कन कॉलेजात एम.ए. करताना आमचा सगळा भर खापरांवर होता. जोर्वे खापराचा (महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या मडक्याचा) तुकडा हातात आला की काळाचा अंदाज लागायचा. पुढच्या शिक्षणासाठी न्यूझीलंडला आले आणि तो आधार सुटला. पॉलिनेशिया म्हणजे पॅसिफिक महासागरात हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेली बेटं. तिथल्या टोंगात लापिता या प्राचीन संस्कृतीचे लोक सुमारे 2,800 वर्षांपूर्वी पोचले ते नक्षीदार मडकी घेऊनच. पुढे नक्षी गेली, काही शतकांनी मडकीही गेली. हवाई, रापा नुई (ईस्टर आयलंड), न्यूझीलंड वसवणाऱ्यांनी तर मडकी घडवलीच नाहीत. मग काळ ठरवायचा तो मुख्यतः चुलींतल्या कोळशावरून.

इथेच खरी मेख आहे. लाकूड जळलं तेव्हाची नव्हे, तर ते वाढलं तेव्हाची तारीख कार्बन डेटिंग देतं. जुनाट झाडाच्या गाभ्याचा कोळसा पाठवलात, तर चूल दोन-तीनशे वर्षं म्हातारी दिसू शकते. म्हणून बारीक काटक्या, बिया, नारळाची करवंटी अशा अल्पायुषी वस्तूच निवडायच्या. हा भेद केवढा मोठा, हे 2011 साली दिसलं. त्या वर्षीच्या एका अभ्यासात पूर्व पॉलिनेशियातल्या 1,434 तारखा तपासून अल्पायुषी नमुन्यांवरच्या तारखांना महत्त्व दिलं, तेव्हा ताहितीच्या परिसरातली वस्ती इ.स. 1025 ते 1120 इतकी अलीकडे सरकली आणि बाकीची दूरची बेटं 1190 ते 1290 दरम्यान भराभर वसल्याचं चित्र उभं राहिलं. आधीच्या समजापेक्षा काही शतकांचा फरक! मला या विषयातलं सगळ्यात थरारक काही वाटत असेल तर ते हेच.

कोळसा कोणत्या झाडाचा हे ओळखायचं प्रयोगशाळेतलं काम मात्र शांतपणे बसून करायचं. चाळणीतून आलेला तुकडा बोटांनी मोडायचा, ताजा आडवा छेद वरून उजेड पडणाऱ्या मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि वाहिन्यांची भोकं बघायची: एकेकटी आहेत की रांगेत, मोठी की बारीक. वाढीच्या कड्या जास्त वाकलेल्या असतील तर फांदी लहान. तुकडा उभाही मोडून बघावा लागतो. डोळा बसायला वेळ लागतो, घाई करू नका.

खोदकामाचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांना एक सांगते. न्यूझीलंडमध्ये 1900 पूर्वीच्या माणसांच्या वावराच्या जागेला हात लावायचा तर कायद्याने परवानगी लागते, आणि त्या भागातल्या माओरी इवीशी (जमातीशी) बोलणं हा कामाचाच भाग असतो. न्यूझीलंडमधल्या वाइराऊ बार या जुन्या वस्तीच्या जागेतून काढून संग्रहालयात ठेवलेले पूर्वजांचे अवशेष रांगिताने इवीला 2009 मध्ये परत मिळाले आणि तिथेच पुन्हा पुरले गेले. हा इतिहास वाचून या. 'डेटा मिळेल का?' हा तिथे पहिला प्रश्न नसावा.

अर्ज करण्याआधीची तयारी पुण्यात बसूनही होते. आंबा, बाभूळ, साग यांच्या काटक्या फॉइलमध्ये गुंडाळून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात मोकळ्या जागी जाळा. प्रत्येकीवर नाव, जागा, तारीख लिहा. थंड झाल्यावर मोडून बघा, छेदाची चित्रं काढा. झाडं तिकडची नसली तरी डोळा तयार होतो, आणि मुलाखतीत दाखवायला स्वतःचा संग्रह असतो.