संगणकातल्या पत्त्यांवरून शुभेच्छापत्रांची लेबले कशी छापावीत

सणासुदीला पन्नास-साठ पाकिटांवर हाताने पत्ते लिहायला बसलं की विसाव्या पाकिटापर्यंत अक्षर बिघडतं आणि तिसाव्याला पोस्टाचा कोड चुकतो. पत्ते संगणकात आधीच असतील तर हे काम लेबलांवर सोपवावं आणि वाचलेला वेळ पत्राच्या आत दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिण्यात घालवावा, असं माझं मत आहे. पाकिटावरचं अक्षर छापील असलं तरी कोणी मनाला लावून घेत नाही. आतलं पत्र मात्र नुसतं छापील असेल तर ते जाणवतं.

छपाईला अर्धा तास पुरतो. खरा वेळ यादी नीट करण्यात जातो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

आधी यादी

संपर्कांच्या ॲपमध्ये या पत्रांसाठी वेगळा गट करा. मॅकवरच्या ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये फाइल मेनूत ‘न्यू लिस्ट’ आहे (२०२२ मध्ये आलेल्या व्हेंच्युरा आवृत्तीच्या आधी यालाच ‘ग्रुप’ म्हणत). लिस्ट तयार झाली की डावीकडच्या तिच्या नावावर एकेक संपर्क ओढून टाकायचा. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये अशा गटालाच ‘लेबल’ म्हणतात. हे लेबल म्हणजे चिकटवायचं लेबल नव्हे, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

आता ही यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचा. नुसती खाली सरकवत नेऊ नका. एका वर्षी मी आदल्या वर्षीचीच यादी न वाचता छापली. त्यात एका घराच्या लेबलवर ‘श्री. व सौ.’ तसंच राहिलं होतं आणि त्या घरातले काका चार महिन्यांपूर्वी गेले होते. मी भेटायलाही जाऊन आलो होतो, पण संगणकातलं कार्ड बदलायचं राहून गेलं. पाकीट पोहोचल्यावर काकूंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, उलट पत्राबद्दल आभारच मानले. मला मात्र ते फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक नावाशी थांबतो आणि स्वतःला विचारतो: ही माणसं आज याच पत्त्यावर आहेत का, या घरात आज कोण कोण आहे? लग्न, घटस्फोट, घर बदलणं, नवीन बाळ, कोणाचं जाणं, हे सगळं या वाचनात आठवतं. शंका आली तर तिथल्या तिथे फोन करावा. त्या निमित्ताने बोलणंही होतं.

वाचताना आणखी तीन गोष्टी बघा.

एकाच घरातल्या चौघांची चार कार्डं असतील तर चार लेबलं निघतील. त्यासाठी कुटुंबाचं एक वेगळं कार्ड करावं. नावाच्या जागी पाकिटावर जसं हवं तसं लिहावं, ‘अमुक कुटुंबीय’ किंवा दोघांची नावं, आणि गटात फक्त तेच ठेवावं. बाकीची कार्डं फोनसाठी आहेत तशी राहू द्यावीत.

एखाद्याच्या कार्डावर घरचा आणि ऑफिसचा असे दोन्ही पत्ते असतील तर पत्र कुठे जायचं ते आत्ताच ठरवा. आणि पत्त्याचे भाग आपापल्या रकान्यात आहेत ना ते पाहा. पुष्कळ लोक घाईत सगळा पत्ता ‘स्ट्रीट’च्या रकान्यात कोंबतात. मग पोस्टाच्या कोडानुसार क्रम लावता येत नाही आणि लेबलवर एक लांबलचक ओळ उतरते. परदेशातल्या पत्त्यांना देश नक्की भरावा. मॅकवर देश निवडला की पत्त्याची मांडणी त्या देशाच्या पद्धतीने बदलते.

लेबलचा कागद

चिकट मागची, आधीच कापलेली लेबलं १९३५ मध्ये स्टॅन एव्हरी यांनी आणली. त्यांच्या एव्हरी कंपनीचे क्रमांक आता या धंद्याची भाषाच झाले आहेत. दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावरही बहुधा ‘अमुक क्रमांकाशी जुळणारे’ असं छापलेलं असतं. तो क्रमांक जपून ठेवा, पुढे तोच लागणार आहे. ए४ कागदावर एल७१६० म्हणजे २१ लेबलं, तीन उभ्या ओळींत सात-सात, प्रत्येक ६३.५ बाय ३८.१ मिलिमीटर. एल७१६३ म्हणजे १४ लेबलं, रुंदीला ९९.१ मिलिमीटर, उंची तेवढीच. अमेरिकेत चालणाऱ्या लेटर आकाराच्या कागदावर ५१६० म्हणजे ३० लेबलं, पण प्रत्येक जेमतेम एक इंच उंच.

देवनागरीत पत्ते छापायचे असतील तर मी १४ वाली घेतो, ती इंचापेक्षा उंच आहेत आणि रुंदीमुळे पत्ता कमी ओळींत बसतो. आपल्या लिपीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. इंचभर लेबलात पाच ओळी कोंबल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

आणखी एक. इंकजेटसाठीचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. लेझर प्रिंटर शाई उष्णतेने पक्की करतो, त्या उष्णतेत चुकीच्या लेबलांचा गोंद सुटून ती आत रुळाला चिकटू शकतात. याच कारणाने अर्धी लेबलं काढलेला कागद पुन्हा लेझरमध्ये घालणंही टाळा.

मॅकवरून थेट

डावीकडे आपली लिस्ट निवडा आणि फाइल मेनूतून ‘प्रिंट’ घ्या. उघडलेली खिडकी लहान दिसत असेल तर ‘शो डिटेल्स’ दाबा. ‘स्टाइल’मध्ये ‘मेलिंग लेबल्स’ निवडा. ‘लेआउट’मध्ये एव्हरी स्टँडर्ड की एव्हरी ए४ ते ठरवून कागदाचा क्रमांक निवडा. क्रमांक सापडला नाही तर ‘डिफाइन कस्टम’मध्ये पट्टीने मोजलेली मापं भरता येतात.

शेजारच्या ‘लेबल’ भागात खरं काम आहे. ‘ॲड्रेसेस’मध्ये ‘ऑल’ असेल तर दोन पत्ते असलेल्या माणसाची दोन लेबलं निघतात, म्हणून तिथे ‘होम’ करा. पण मग ज्यांचा फक्त ऑफिसचा पत्ता आहे ते गळतात. त्यांची वेगळी छोटी लिस्ट करणं सगळ्यात सोपं. क्रम नावानुसार किंवा पोस्टाच्या कोडानुसार लावता येतो. देशाचं नाव छापायचं असेल तर आपला देश सोडून बाकीच्यांवर छापण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. फॉन्टही इथेच बदलतो.

पूर्वदृश्यात लेबलं मोजा आणि आकडा लिस्टमधल्या नावांशी ताडून पाहा. कमी भरली तर कोणाच्या तरी कार्डावर पत्ताच नाही.

गुगल कॉन्टॅक्ट्समधून वर्डमार्गे

इथे वाट थोडी लांब आहे. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये आपला गट उघडून ‘एक्स्पोर्ट’ करा आणि सीएसव्ही प्रकार (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) घ्या. ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका. तसं केलं तर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात आणि शून्याने सुरू होणाऱ्या पोस्टाच्या कोडातलं ते शून्य उडतं, कारण एक्सेल त्याला संख्या समजतं. त्याऐवजी एक्सेलची कोरी वही (वर्कबुक) उघडून ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, लिपीसाठी युनिकोड यूटीएफ-८ निवडा आणि कोडाचा रकाना ‘टेक्स्ट’ करा. फाइलमध्ये डझनावारी रकाने असतात. नाव, रस्ता, शहर, राज्य, कोड आणि देश एवढे ठेवून बाकीचे काढून टाका, आणि वही सेव्ह करा.

वर्डमध्ये ‘मेलिंग्ज’, मग ‘स्टार्ट मेल मर्ज’, मग ‘लेबल्स’. कंपनी आणि क्रमांक निवडला की पानावर चौकटी येतात. ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून ‘यूझ ॲन एक्झिस्टिंग लिस्ट’ घेऊन आपली वही दाखवा. आता फक्त पहिल्या चौकटीत ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ने एकेक रकाना घाला, ओळी पाडा, फॉन्ट ठरवा. ‘ॲड्रेस ब्लॉक’ नावाची तयार मांडणीही आहे, पण रकाने स्वतः मांडले की ओळींचा क्रम आपल्या हातात राहतो.

मग ‘अपडेट लेबल्स’. हीच पायरी लोक हमखास विसरतात, आणि मग प्रत्येक पानावर पहिल्या लेबलवर नाव आणि बाकीची कोरी असं चित्र दिसतं. पुढच्या चौकटींत ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ हे शब्द दिसतात, ते पुसू नका. ते नसतील तर सगळीकडे एकच नाव छापलं जाईल. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ बघून ‘फिनिश अँड मर्ज’मधून ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ घ्या. सगळी लेबलं एका साध्या फाइलमध्ये येतात आणि एखादं लांब नाव हाताने दुरुस्त करता येतं.

छापताना

पहिली प्रत साध्या कागदावर काढा. ती लेबलच्या कागदावर ठेवून दोन्ही मिळून दिव्यासमोर धरा. अक्षरं चौकटीत बसलेली दिसली पाहिजेत. वरच्या रांगेत बरोबर आणि खाली येईतो सरकत गेलं असेल तर दोष बहुधा प्रिंटरच्या ‘फिट टू पेज’चा असतो. २१ लेबलांच्या कागदावर सात रांगा मिळून २६६.७ मिलिमीटर भरतात. प्रिंटरने पान ९७ टक्के केलं की त्यात आठ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळपास दोन ओळी. प्रमाण १०० टक्के ठेवा. सगळीच अक्षरं सारखी एका बाजूला सरकलेली असतील तर कागदाच्या ट्रेमधली बाजूची पट्टी सैल असते.

लेबलचा कागद कोणत्या बाजूने घालायचा हे आठवत नसेल तर साध्या कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बाण काढून तो आधी छापून पाहा. लेबलं एकेक पान घालून छापा. इंकजेटची शाई ओली असते, पाच-दहा मिनिटं पानं एकमेकांवर ठेवू नका.

सोलताना लेबल नखाने उचकटलं की कोपरा दुमडतो. कागदच लेबलच्या कडेपाशी मागे वाकवा, कड आपोआप वर येते. पाकिटावर आधी डावी कड टेकवून मग उजवीकडे बोट फिरवत न्यावं, म्हणजे हवा राहत नाही.

पाठवलेलं एखादं पाकीट महिन्याभराने ‘पत्ता सापडला नाही’ असा शिक्का घेऊन परत येईल. ते टेबलावर पडू देऊ नका. त्याच दिवशी त्या माणसाला फोन करून नवा पत्ता घ्या, कार्डावर भरा, आणि ते पत्र पुन्हा पाठवा.