साल्पेत्रिएरवर कथा लिहिताना

आधी साल पक्कं करा. पॅरिसच्या साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या रुग्णालयात हिस्टेरियाचा (झटके येणाऱ्या एका विकाराचा) अभ्यास करणारे डॉ. शार्को १८६२ पासून १८९३ पर्यंत होते. त्या काळात लोबोटॉमी (मेंदूवरची शस्त्रक्रिया, १९३५) किंवा मेंदूला शॉक (१९३८) घुसडलात, की जाणता वाचक पुस्तक मिटतो. हुंगवलेलं ईथर आणि अमिल नायट्राइट, बीजकोश (अंडाशय) दाबणारा पट्टा एवढं पुरेसं भयंकर आहे.

नायिकेला आत आणायला साखळदंड नकोत. १८३८ च्या फ्रेंच कायद्याने घरच्यांचा अर्ज आणि १५ दिवसांच्या आतला डॉक्टरी दाखला पुरे. या भरतीचं नाव काय, तर ‘ऐच्छिक’!

तिथे रुग्णांच्या झटक्यांचे फोटो काढले जात; तो प्रसंग मात्र सावकाश लिहा. १८७० च्या दशकात कलोडियन या रसायनाचा लेप दिलेली काच ओली असतानाच फोटो घेऊन धुवावा लागे, आणि एक्सपोजर काही सेकंदांचं. म्हणजे झटक्याचा स्पष्ट फोटो बहुधा धरून ठेवलेल्या पोझचाच. हे निवेदकाच्या तोंडी घालू नका. थरथरतं मनगट दाखवा.

केसपेपर डॉक्टरांचे असतात, त्यातली भाषा तिच्या तोंडी देऊ नका. आणि तिला निव्वळ बिचारी करू नका: फोटोंमुळे गाजलेली तिथली रुग्ण ऑगस्टीन १८८० मध्ये पुरुषवेशात तिथून निसटली होती.