थंडीत डोझर जागचा हलत नाही तेव्हा आधी काय बघायचं

डोझरवर काम शिकायला आलेल्या मुलांकडून हिवाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. इंजिन लागलं, आवाजही चांगला आहे, गिअर टाकला, पण मशीन जागचं हलत नाही. आता काय करू? मी प्रत्येकाला उलट एकच विचारतो: गिअर टाकल्यावर इंजिन दबलं का?

दबणं म्हणजे आवाज जड होणं आणि आरपीएमचा काटा थोडा खाली येणं. चालू मशीनला ओझं लागलं की इंजिन ते लगेच सांगतं. हा प्रश्न मला एका सकाळी शिकायला मिळाला, आणि त्यासाठी आमचा दीड तास वाया गेला होता.

मी तेव्हा हेल्पर होतो आणि नुकताच सीटवर बसायला लागलो होतो. रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरला होता. सकाळी दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं. पहिला गिअर पुढे टाकला, काही नाही. मागे टाकला, काही नाही. आदल्या दिवशी चिखलात काम झालेलं, त्यामुळे चेनमधली, म्हणजे डोझर ज्यावर चालतो त्या लोखंडी ट्रॅकमधली, माती दगडासारखी घट्ट झालेली दिसतच होती. सगळ्यांनी बघताक्षणी ठरवून टाकलं की चेन गोठली. मग इंजिन बंद करून आम्ही तिघं पहार आणि फावडी घेऊन भिडलो. रोलरच्या, म्हणजे चेनवर फिरणाऱ्या चाकांच्या, फटीफटीतून माती फोडून काढली. बोटं बधिर झाली. पुन्हा इंजिन लावून गिअर टाकला, तरी मशीन तसंच उभं. मी रेस वाढवत गेलो.

तेवढ्यात मिस्त्री आले. “रेस सोड आधी,” म्हणाले. मी सोडली. “आता गिअर टाक आणि काट्याकडे बघ. हलला?”

“नाही, मिस्त्री.”

“मग चेन कशाला खणताय? चेनने धरून ठेवलं असतं तर इंजिनाला कळलं असतं.”

त्या एका वाक्यात मशीन न हलण्याची दोन घराणी वेगळी झाली. इंजिन दबतंय, म्हणजे जोर खालपर्यंत पोचतोय आणि काहीतरी मशीनला धरून ठेवतंय. इंजिन दबतच नाही, म्हणजे जोर वाटेतच हरवतोय. पहिल्या घरात ब्रेक, गोठलेली चेन, जमिनीला चिकटलेलं मशीन. दुसऱ्या घरात तेल, पंप, कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारा भाग), क्लच. गोठलेली चेन डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे आधी तिच्याकडे धावतात. तेलाचं दुखणं आत असतं, ते दिसत नाही.

मी इथे टॉर्क कन्व्हर्टर आणि पॉवरशिफ्ट (तेलाच्या दाबाने गिअर पकडणाऱ्या) ट्रान्समिशनच्या डोझरबद्दल बोलतोय. हायड्रोस्टॅटिक मशीनमध्ये, म्हणजे पंप आणि तेलावर चालणाऱ्या मोटरने ट्रॅक फिरतात तिथे, रचना वेगळी असते; तिथे आधी चार्ज प्रेशर, म्हणजे मुख्य पंपाला मिळणाऱ्या तेलाचा दाब, बघायचं. पण विचार करायची वाट तीच.

तर त्या सकाळी मिस्त्रींनी ट्रान्समिशनच्या प्रेशर गेजवर बोट ठेवलं. काटा शून्याच्या जेमतेम वर होता. मग त्यांनी मला खाली उतरवून ऐकायला लावलं. इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, बारीक खडे दळल्यासारखा. पंपाला पुरेसं तेल ओढता आलं नाही की तो असा ओरडतो, आणि तसाच चालवत राहिलं की आतून खराब होतो. मी रेस वाढवत होतो तेव्हा नेमकं तेच करत होतो.

इंजिन बंद केलं. डिपस्टिक काढली, पातळी बरोबर होती. पण काडीच्या टोकाला तेल पारदर्शक नव्हतं, पांढुरकं दुधाळ होतं. तेलात पाणी शिरलं की ते असं दिसतं. मिस्त्रींनी सक्शनच्या जाळीचं, म्हणजे पंप जिच्यातून तेल ओढतो त्या जाळीचं, झाकण उघडलं. ती जाळी माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे: मधासारखं घट्ट झालेलं तेल, आणि त्यात जाळीच्या भोकाभोकांत अडकलेला बारीक, चुरचुरीत बर्फ. बोटाने पुसला तर बोटावर वितळला. पंप त्याच्यातून तेल ओढणार तरी कसं?

पाणी आलं कुठून? दोन दिवसांपूर्वी मशीन जोराच्या फवाऱ्याने धुतलं होतं आणि तेल भरायच्या नळीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. शिवाय दिवसा गरम, रात्री गार अशा चक्रात टाकीतल्या हवेतली वाफ आतल्या पत्र्यावर थेंब होऊन बसतेच. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी साचतं आणि जाळीही तिथेच असते. निचऱ्याचा प्लग उघडला तर आधी काहीच आलं नाही, कारण तिथेही बर्फ होता. ताडपत्रीचा आडोसा करून खाली गरम हवेचा हीटर लावला, तेव्हा कुठे पाणी आणि तेल उतरलं. जाळी धुतली, फिल्टर बदलले, हिवाळ्याच्या ग्रेडचं तेल भरलं. दुपारी गिअर टाकल्यावर इंजिन दबलं आणि मशीन निघालं.

तेलाच्या ग्रेडबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पाणी नसतानाही निव्वळ घट्ट तेलाने मशीन अडतं. डब्यावर 10W, 30, 50 असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं तेल जाड, आणि W म्हणजे विंटर, म्हणजे थंडीतला जाडपणा तपासून दिलेला आकडा. उन्हाळ्यात भरलेलं 30 कडाक्याच्या थंडीत जाळीतून आणि बारीक वाटांतून वेळेवर सरकत नाही. क्लच तेलाच्या दाबाने आवळला जातो. दाब नाही तर क्लच नाही, क्लच नाही तर गिअर टाकून उपयोग नाही. कोणत्या तापमानाला कोणतं तेल, याचा तक्ता प्रत्येक मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो. ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि फायनल ड्राइव्ह (ट्रॅकला फिरवणारे शेवटचे गिअर) यांच्या ओळी त्यात वेगवेगळ्या असतात. थंडी सुरू होण्याआधी तो तक्ता स्वतः वाचा, दुसऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका.

अनुभवी मिस्त्री आणखी एक गोष्ट बघतात. बऱ्याच डोझरमध्ये पायाखालची प्लेट काढली की कन्व्हर्टरमधून ट्रान्समिशनकडे जाणारा शाफ्ट आणि त्याचा युनिव्हर्सल जॉइंट दिसतो. न्यूट्रलमध्ये तो फिरायला हवा. फिरतच नसेल तर बहुधा कन्व्हर्टरलाच तेल मिळत नाही. गिअर टाकल्यावर तो थांबला आणि मशीन हललं नाही, तर क्लच पकडतोय आणि पुढे काहीतरी अडलंय. गिअरमध्येही फिरतच राहिला तर क्लच पकडत नाही. फार सुंदर तपासणी आहे, पण फिरत्या शाफ्टजवळ वाकायचं असल्याने धोक्याची. नवख्याने ती एकट्याने करू नये. सैल कपडे, मफलर, हातातली चिंधी, काहीही त्या शाफ्टच्या जवळपास नको.

आता इंजिन दबत असेल तर. आधी केबिनमधल्या गोष्टी: पार्किंग ब्रेक, सेफ्टी लिव्हर, ब्रेकचं पेडल. हल्लीच्या बहुतेक डोझरमध्ये ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. लिव्हर तुम्ही सोडलं म्हणजे ब्रेक सुटला असं नाही. तेल घट्ट असेल आणि दाब पुरला नाही, तर ब्रेक आतून लागलेलाच राहतो. अशा मशीनला दुसऱ्या मशीनने ढकलायची किंवा साखळीने ओढायची घाई करू नका. ब्रेक लागलेला असताना ओढलं तर ब्रेकच्या चकत्या आणि फायनल ड्राइव्ह दोन्ही जातात, आणि ताणलेली साखळी तुटली तर माणूस जातो. ओढण्याआधी ब्रेक हाताने सोडवायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती मिस्त्रीकडूनच करून घ्यावी.

ब्रेक सुटलेला आहे आणि तरीही स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, हलत नाही, तेव्हा खरोखर चेनकडे जायचं. इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, आणि मगच पहार. स्प्रॉकेटच्या दातांमधला आणि रोलरच्या वरचा गोठलेला चिखल आधी काढायचा. पुढे जाताना मशीन ज्या बाजूला वळू पाहत असेल तीच बाजू अडलेली आहे, तिथे जास्त वेळ द्यायचा. ट्रॅक जमिनीलाच चिकटले असतील तर सगळ्यांना लांब उभं करून ब्लेड हळूहळू खाली दाबायचं. पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक सुटतो. मागे रिपर (जमीन उकरायचा दात) असेल तर तसंच मागूनही. मग पहिल्या गिअरमध्ये अलगद पुढे-मागे. झटके मारू नका. थंडीत लोखंड ठिसूळपणे वागतं, आणि गोठलेल्या चेनला दिलेला प्रत्येक झटका फायनल ड्राइव्हचे दात सोसतात. गरम पाणी ओतण्याचाही मोह होतो, पण ते काही वेळात पुन्हा गोठतं आणि आधी कोरड्या असलेल्या फटींतही जाऊन बसतं. आणि तेलाच्या टाकीखाली उघडी आग कधीच नाही, कोणी कितीही वर्षं करत आलेला असला तरी नाही.

ट्रॅक फिरतायत पण मशीन बर्फावर घसरतंय, हे दुखणं वेगळं. तिथे पकड हवी, दुरुस्ती नाही.

गिअर टाकताच इंजिन दबून बंदच पडत असेल तर डिझेलकडेही बघा. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. रिकाम्या रेसवर इंजिन चालतं, ओझं आलं की मरतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं भांडं पारदर्शक असेल तर डिझेल गढूळ दिसेल. बॅटरीही तपासा. व्होल्टेज कमी असेल तर इंजिन कसंबसं लागतं, पण गिअरचे सोलेनॉइड (विजेवर उघडणारे तेलाचे व्हॉल्व्ह) काम करत नाहीत. उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकते, भरलेली सहसा गोठत नाही.

सगळं ठीक असतानाही मशीनला वेळ द्या. लागल्याबरोबर कामाला जुंपायचं नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या रेसवर इंजिन तापू द्या, मग ब्लेड सावकाश वर-खाली करा, म्हणजे हायड्रॉलिकचं तेलही फिरतं. मग पहिल्या गिअरमध्ये थोडं पुढे-मागे. काही नव्या मशीनमध्ये तेल गार असेपर्यंत कंट्रोलरच वरचे गिअर देत नाही. तो बिघाड नव्हे.

संध्याकाळची शेवटची पंधरा-वीस मिनिटं मी कामाचीच धरतो. चिखल ओला असतो तेव्हा फावड्याने सहज निघतो. सकाळी त्यासाठी पहार लागते. कोरड्या जागेवर मशीन थोडं पुढे-मागे फिरवतो, चेनमधलं पाणी झडतं. मग फळ्यांवर किंवा खडीवर उभं करतो, ब्लेडखालीही फळी. डिझेलची टाकी भरतो, म्हणजे आत वाफ धरायला जागा राहत नाही, आणि सेपरेटरमधलं पाणी सोडतो.

आणि एक छोटी वही ठेवा. मशीन ठणठणीत असलेल्या दिवशी सकाळी गार असताना प्रेशर किती, तापल्यावर किती, गिअर टाकल्यावर काटा किती खाली येतो, एवढं तारखेसह लिहायचं. त्या सकाळी गेज दिसत होतं, पण रोज तिथे किती असतं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीन तापल्यावर मिस्त्रींनी पहिला आकडा मला सांगून लिहून घेतला.